सातवा फर्मा

दर वर्षी दसऱ्याच्या आधी आमच्याकडे दिवाळी अंकांचे फर्मे येतात. त्यात एखादा तरी लेख निवृत्त माणसाचा असतो. कुणी तुरुंगात नोकरी केलेली, कुणी तारखात्यात, कुणी रेल्वेत. नोकरीत भेटलेली माणसं आणि झालेल्या फजित्या ते सांगतात. मला ते लेख फार आवडतात, पण मी त्यांची फक्त सुरुवात वाचलेली आहे. फर्म्याला घडी घातली की सोळा पानांपैकी दोनच बाहेर दिसतात, पहिलं आणि सोळावं. बाकीची चौदा आत जातात. हात चालू असताना डोळ्यांना जेवढं मिळेल तेवढं माझं वाचन. म्हणून असा लेख सुरू कसा करायचा ते मला थोडंफार माहीत आहे, संपवायचा कसा ते माहीत नाही.

मी अमरावतीला बायंडिंगच्या कारखान्यात काम करते. शिक्षण चौथी. माहेर अकोल्याचं. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून हेच काम, सत्तावीस वर्षं झाली. ही वही म्हणजे एक डमी आहे. पुस्तक किती जाड होईल ते पाहायला आधी कोऱ्या कागदाचं एक पुस्तक बांधतात, त्याला डमी म्हणतात. काम झालं की ती कुणाच्या उपयोगाची नसते. मालकांना विचारून मी ही घरी आणली. चार माणसांत मला बोलता येत नाही. कागदासमोर येतं का ते पाहायचं आहे, आणि एक गोष्ट आहे ती कुठेतरी ठेवायची आहे.

आधी काम सांगते. फर्मा म्हणजे एक मोठा कागद. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापलेली असतात, काही सरळ, काही उलटी. नवीन माणसाला वाटतं, छापणाऱ्याचं काहीतरी बिनसलं होतं. पण तीन घड्या बरोबर पडल्या की सगळी पानं ओळीनं उभी राहतात. मग मांडणी. लांब टेबलावर एक नंबरच्या फर्म्यांची थप्पी, शेजारी दोन नंबरची, असं शेवटपर्यंत. टेबलाच्या कडेनं चालत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलायचा. टोकाला पोचलं की हातात एक पुस्तक. त्यानंतर शिवण, गोंद, पुठ्ठा, कटिंग. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळा ठिपका छापतात, पुढच्या फर्म्यावर थोडा खाली, त्याच्या पुढच्यावर आणखी खाली. सगळे फर्मे नीट लागले की पुस्तकाच्या पाठीवर काळा जिना दिसतो. पायरी गळली तर चूक.

मांडणी शकुनबाईची. शकुनबाई नांदगाव खंडेश्वरकडची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. घडी घालायला मला तिनंच शिकवलं. तिला लिहितावाचता येत नाही. कुठल्या जागी कितवी थप्पी हे कळायला टेबलाच्या कडेला खळीनं चिठ्ठी चिकटवावी लागते. शकुनबाई चिठ्ठीवर रेघा ओढते, पाच नंबरला पाच रेघा. मी मांडणी केली तर आकडा लिहिते. त्यामुळे कडेची चिठ्ठी पाहिली की थप्पी कुणी मांडली ते आमच्याकडे कुणालाही कळतं.

गिऱ्हाइकं आमच्याकडे तऱ्हेतऱ्हेची येतात. एका मुलीनं प्रबंध बांधायला आणला आणि मालकांना म्हणाली, आत थोडे कोरे कागद घाला, आमचे सर आधी जाडी पाहतात. अचलपूरचे एक गृहस्थ वडिलांची जुनी पत्रं घेऊन आले होते. आम्हा दोघींकडे बघत त्यांनी मालकांना हळूच विचारलं, "पत्रं घरातली हायेत. ह्या बाया वाचतीन तर नायी?"

शकुनबाई तिकडूनच बोलली, "भाऊ, आमी वाचत नायी. आमी मोडतो."

ते गृहस्थ आणखीच घाबरले. घडी घालण्याला आम्ही फर्मा मोडणं म्हणतो, हे त्यांना मालकांनी समजावून सांगितलं. तरी पत्रं बांधून होईपर्यंत ते स्टूल टाकून आमच्यासमोर बसून राहिले.

आता त्या दोन पुस्तकांचं सांगते.

कोरडे सर अमरावतीचे, तायडे गुरुजी अकोल्याचे. दोघं अकोल्यातल्या एकाच शाळेत शिकवत होते आणि मधल्या सुट्टीत भांडत होते. भांडण मनावरून. कोरडे सर संस्कृतचे, त्यांच्याकडे हिंदूंच्या जुन्या ग्रंथांतलं मन. तायडे गुरुजी बौद्ध, त्यांनी पाली शिकून घेतली, त्यांच्याकडे बुद्धाच्या विचारातलं मन. निवृत्त झाल्यावर भांडायला मधली सुट्टी उरली नाही, म्हणून दोघांनी एकेक पुस्तक लिहिलं. ठरवून एकाच वेळी, एकाच प्रेसमध्ये छापायला दिलं. प्रकाशन अकोल्याला एका रविवारी, दोन्ही पुस्तकांचं एकदम, आणि कोरड्यांच्या पुस्तकावर तायडे बोलणार, तायड्यांच्या पुस्तकावर कोरडे.

पुस्तकं एकाच आकाराची, एकाच कागदावर, एकाच माणसानं कॉम्प्युटरवर लावलेली. दोन्हींचे फर्मे बारा बारा. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली पुस्तकाचं नाव बारीक अक्षरात यायला पाहिजे होतं. ते राहून गेलं, नुसता नंबर आला. मार्च महिना होता, कूलर सुरू झाला होता. जागा कमी म्हणून दोन्ही पुस्तकं आम्ही एकाच टेबलावर लावली, भिंतीच्या अंगाला कोरडे सर, खिडकीच्या अंगाला तायडे गुरुजी.

मांडणी शकुनबाईनं सुरू केली. सहा नंबरापर्यंत दोन्ही बाजू झाल्या आणि तिच्या नातवाच्या शाळेतून बोलावणं आलं. ती घाईनं गेली. सात ते बारा मी मांडले. तेव्हा कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मालक कागद आणायला गेले होते.

एवढं मला आठवतं. सात नंबरच्या दोन थप्प्या उचलल्या तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते आठवत नाही. मी पुष्कळदा तिथं उभी राहून पाहिलं. घरी काही घडलं नव्हतं. कुणाचा फोन आला नव्हता. कूलरचा आवाज आठवतो, बाकी कोरं. आणि कोरड्यांचा सात नंबर तायड्यांच्या बाजूला गेला, तायड्यांचा कोरड्यांच्या बाजूला. पुढचे दोन दिवस मी आणि शकुनबाईनं टेबलाभोवती फिरून फर्मे उचलले. जिना बरोबर लागला, कारण सातवी पायरी दोन्ही पुस्तकांत सारख्याच जागी होती.

आठवड्यानंतर दुपारी कोरडे सर आले. डोक्याला दुपट्टा, हातात पुस्तक, मध्ये बोट घातलेलं.

"गजाननभाऊ, शहाण्णव पानापर्यंत मी आहे," ते मालकांना म्हणाले. "सत्त्याण्णवपासून तायडे आहे. एकशे तेरापासून परत मी."

"म्हंजे कसं?"

"म्हणजे माझ्या पोटात तायडे शिरला."

त्यांनी वाचून दाखवलं. शहाण्णवावं पान संपत होतं ते असं, की मनाच्या मागे बसून जो सगळं पाहतो तो. आणि सत्त्याण्णवावं सुरू होत होतं, शोधूनही कुणाला सापडलेला नाही. मालकांना हसू आलं, पण सरांकडे बघून त्यांनी ते दाबलं.

"तुमाले लगेच नायी का समजलं सर?"

कोरडे सरांनी पुस्तक मिटलं. "खरं सांगू? पाच पानं वाचली. म्हटलं, कोरडे, काय लिहून गेलास लेका! एकशे दोनवर बुद्धवचन आलं तेव्हा उठून बसलो."

दुसरं पुस्तक काढून पाहिलं. तिथंही तसंच. तायडे गुरुजींचं वाक्य अर्धं होतं, की क्षणाक्षणाला जे उठतं आणि विझतं ते सगळं. पुढच्या पानावर कोरडे सर म्हणत होते, तो शांतपणे पाहत असतो.

सर गेले आणि मालक आत आले. ते आम्हाला नेहमी अहोजाहो करतात. त्या दिवशी शकुनबाईसमोर उभे राहून ओरडले, "मन कुठं होतं तुहं?"

मांडणी तिची, म्हणून तिला विचारलं. शकुनबाई टेबलाकडे पाहत राहिली. मी तिच्या मागे उभी होते. तिनं म्हणायला पाहिजे होतं की मी सहापर्यंतच मांडले. तिला ते आठवलं नाही. शाळेतून बोलावणं आल्याचं आठवत होतं, कितव्या थप्पीवर आलं ते आठवत नव्हतं.

"मीच मांडले असन भाऊ," ती म्हणाली.

"डोये गेले तुमचे शकुनबाई. हे काम निपटवा, अन् महिना भरला की घरी आराम करा."

मी काही बोलले नाही. तोंड उघडलं होतं, आवाज आला नाही. माझं नेहमीच असं होतं, म्हणून मी स्वतःला माफही करून टाकलं. पण लगेच पुढे जे केलं ते लिहायला मला या वहीत इतकी पानं लागली. टेबलाच्या खिडकीकडच्या कडेला सात नंबरची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. बाकी सगळ्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या, ही एकच राहिली होती. तिच्यावर सात रेघा नव्हत्या. माझ्या हातचा ७ होता. दोघं तिकडे बोलत असताना मी ती नखानं खरडून काढली आणि बटव्यात टाकली. कोपऱ्याचा एक तुकडा टेबलालाच राहिला.

मग तीन दिवस आम्ही पुस्तकं उसवत होतो. पुठ्ठा सोडवायचा, पाठीचा गोंद खरवडायचा, दोरा कापायचा, सातवा फर्मा काढून दुसऱ्या पुस्तकात घालायचा, परत शिवायचं. या कामात घडी उघडते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या फर्म्याची सगळी सोळा पानं वाचली. आधी एकाची, मग दुसऱ्याची. जेवणाच्या सुट्टीत, हळूहळू, बोट ठेवून.

आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. विहारात मी लहानपणापासून जाते, मन हा शब्द तिथं नेहमी कानावर पडतो. पण मन म्हणजे छातीत डाव्या बाजूला काहीतरी असावं, इतकंच मी धरून चालले होते.

कोरडे सर म्हणतात, डोळा, कान, नाक, जीभ आणि कातडी ही पाच दारं, मन सहावं. पाचांनी आणलेलं मन आत नेऊन देतं. पण मन नोकर आहे. त्याच्यावर बुद्धी आहे, आणि सगळ्यांच्या मागे एकजण आहे, तो काही करत नाही, बदलत नाही, फक्त पाहतो. तो म्हणजे आपण. तायडे गुरुजीही म्हणतात, पाच दारं आणि मन सहावं. इथपर्यंत दोघं हातात हात घालून चालतात. पुढे गुरुजी म्हणतात, दारं आहेत, घरात कुणी नाही. दार उघडतं, पाहणं होतं, दार मिटतं. एक चित्त उठतं, विझतं, विझताना पुढच्याला उठवून जातं. माळ आहे असं वाटतं, धरायला गेलं तर हाती मणीच लागतात.

मी फार गोंधळले. आमच्या कारखान्यात मालक असले तरी काम चालतं, नसले तरी चालतं. ते खरोखर लागतात चूक झाल्यावर. तर मग सात नंबर उचलताना आत कुणी होतं की नव्हतं? सरांचं खरं मानलं तर मागचा एकजण ते पाहत होता आणि त्यानं मला हटकलं नाही. गुरुजींचं खरं मानलं तर ज्या चित्तानं चूक केली ते केव्हाच विझून गेलं, आता मी चिठ्ठी कुणाची लपवून ठेवली आहे? विहारात पंचशील घेताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बारीक झाला. मी खोटं बोलले नव्हते. मी बोललेच नव्हते. हे धरतात का नाही ते विचारायला मला लाज वाटली.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी मालकांनी मला गुरुजींच्या प्रती घेऊन अकोल्याला पाठवलं, माझं माहेर म्हणून. एसटीत दोन गठ्ठे पायाशी ठेवून मूर्तिजापूरमार्गे गेले. गुरुजी अंगणात बसले होते. चुकीची पाच पुस्तकं त्यांच्याकडे आधीच पोचलेली होती, ती परत घ्यायची होती.

"मले तर समजलंच नायी," गुरुजी म्हणाले. "आपलं पुस्तक आपून कुठं वाचतो?"

काकू पाणी घेऊन आल्या. "म्या वाचलं. मधात सोळा पानं तुमी बरे लिहिले व्हते. म्या म्हनलं, उशिरा का होईना, सुधारले."

"ते कोरड्याचे होते!"

"तवाच," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुरुजी खूप हसले. ते हसत होते म्हणून मला धीर आला.

"गुरुजी, एक इचारू का?"

"इचार नं बाई."

"तुमी लिहिलं, चित्त दर घडीले नवं असते. मंग ज्या चित्तानं चूक केली ते तर गेलं?"

"गेलं."

"अन् हे आता बसून हाये ते?"

"ते तेच नायी, अन् वेगळंबी नायी. तू इथलीच नं? कालच्या मोर्णेचं पानी अन् आजचं पानी एकच हाये का?"

"नायी."

"मंग नदी दुसरी झाली का?"

मोर्णेत आता पाणी कमी आणि दुसरंच काही जास्त असतं, पण मी ते बोलले नाही. मला एक सुचलं होतं. मी म्हटलं, "गुरुजी, आमच्याकडे फर्मे दोऱ्यानं शिवतात. फर्मे अलग अलग असतात, दोरा समद्यातून जाते. तसं आतून काही जात असन नं?"

"हे कोरड्याचं झालं. अवं, ते गोंदाचं पुस्तक नायी का पाह्यलं? त्यात दोरा कुठं असते? एका पानाले एक लागून हाये, बस. तरी पुस्तक हाये का नायी?"

"गोंदाच्या पुस्तकाचे पानं सुटतात गुरुजी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे उद्या कोरड्याले नोको सांगू."

मग मी खरा प्रश्न विचारला. "तेच नायी अन् वेगळंबी नायी, मंग माफी कोनं मांगाव?"

अंगणातल्या कडुनिंबाची पानं गळत होती. गुरुजी म्हणाले, "ज्याले रात्री झोप लागत नसन, त्यानं."

परतीच्या गाडीत मी हेच उलटून पालटून पाहत होते. मला झोप लागत होती, ही खरी अडचण होती. दिवसभर उभं राहून काम केल्यावर अंग टाकलं की लागते. गुरुजींच्या उत्तरात मी कुठंच बसत नव्हते.

प्रकाशन झालं. मी गेले नाही. दोन दिवसांनी कोरडे सर उरलेल्या प्रती न्यायला आले. मालक फोनवर होते, शकुनबाई गोंद तापवत होती. मी गठ्ठ्याला सुतळी बांधता बांधता विचारलं, "सर, मागे बसून जो पाहते, त्याले चूक चिकटत नायी म्हन्ता?"

सरांना फार आनंद झाला. "नाही चिकटत. चुकतं ते मन. तो नुसता साक्षी."

"पन चूक होताना त्यानं पाह्यलं असन?"

"पाहिलंच असणार."

"मंग तो सांगत काहून नायी?"

सरांनी चष्मा काढला, दुपट्ट्यानं पुसला, परत घातला. "तुझं शिक्षण किती गं?"

"चौथी."

"बरं झालं," ते म्हणाले. "हे पुढच्या आवृत्तीत बघतो." आणि गठ्ठा रिक्षात ठेवायला लावून निघून गेले. मी ते उत्तर अजूनही वाट पाहण्याच्या रकान्यात ठेवलं आहे.

महिना संपायला आठ दिवस राहिले. शकुनबाई रोज यायची, काम करायची, पण मांडणीला हात लावत नव्हती. पूर्वी टेबलाशी असली की तिचं तोंड चालू असायचं, मालकांची नक्कल, माझ्या घडीला नावं ठेवणं. आता एकेक फर्मा उचलून डोळ्यांजवळ न्यायची, खाली ठेवायची, परत उचलायची. तिच्या मुलानं तिला इर्विन दवाखान्याच्या अंगाला एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं.

एके दुपारी आम्ही कटिंग मशीनच्या मागे डबे उघडून बसलो होतो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"सुमे, मी काल आलती का वं कामाले?"

"आलती नं बाई. काहून?"

"नायी, आपलं खात्री केली. डाक्तर म्हन्ला, डोये चांगले हायेत. आता सांग, डोये चांगले असून सातचं आठवत नायी, म्हंजे डोस्कंच गेलं माहं."

"असं काही नसते बाई."

"मांडले म्याच असन नं? तू मांडले असते तर तू बोलली असती. अन् मले एक थप्पी दिसत नायी. रोज जाऊन उभी रायते तिथं. पाच दिसते, सहा दिसते, सातपाशी अंधार." ती हळू बोलत होती, मालकांना ऐकू जाऊ नये अशी. "सुनेले म्हनलं, मले गॅसपाशी ठेवू नोको. नातवाले आनाले पाठवू नोको. एकांद्या दिवशी मी त्याले शायेतून आनन अन् रस्त्यात इसरून येईन."

तिनं तुकडा डब्यात परत ठेवला आणि डबा बंद केला.

तोपर्यंत मला वाटत होतं की तिचं काम जाणार आहे, आणि त्याचा मी रोज हिशेब मांडत होते की तिचा मुलगा कमावता आहे, ती थकली आहे, तिला आराम मिळेल. तिचं काम जाणार हे मी पाहिलं होतं. तिचं मन मी काढून घेतलं आहे हे पाहिलं नव्हतं. तिला सात नंबर दिसत नव्हता, कारण तो तिनं मांडलाच नव्हता. नसलेली आठवण शोधता शोधता ती असलेल्या आठवणींवरही संशय घ्यायला लागली होती.

मी जेवत राहिले. दोन घास खाल्ले. आणि मला गुरुजींच्या सातव्या फर्म्यातलं एक पान आठवलं. त्यात त्यांनी समजावलं होतं की हातून घडून गेलं त्यापेक्षा मनानं ठरवून केलं ते खरं कर्म. हे वाचताना मला हायसं वाटलं होतं, कारण थप्प्यांची अदलाबदल मी ठरवून केली नव्हती. तिथं माझं मन कुठं होतं ते मला कधीच सापडलं नाही. पण चिठ्ठी खरडताना? ते मला सगळं आठवतं. नखाखाली गेलेली सुकलेली खळ, मालकांची पाठ, शकुनबाईच्या पदराचा हिरवा काठ, बटव्याची चेन लावताना आवाज होऊ नये म्हणून मी ती सावकाश ओढली ते. तिथं माझं मन होतं. पुरतं होतं, इकडेतिकडे कुठं नव्हतं.

मी डबा तसाच ठेवून उठले. मालक टेबलाशी काहीतरी मोजत उभे होते.

"भाऊ, सात नंबर म्या मांडला होता."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "सुमनबाई, तुमी कायले आपल्या अंगावर घेता? शकुनबाईची दया येऊन राहिली, मले समजते."

मागून शकुनबाई आली होती. "नायी वं सुमे, म्याच मांडला. असं खोटं नोको बोलू माह्यासाठी."

मी खरं बोलत होते आणि दोघंही मला खोटं न बोलायला सांगत होते. क्षणभर मलाच वाटलं, खरंच मी मांडला होता का? तेव्हा मी बटवा उघडला. मालकांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटून पाहिली. मग खिडकीच्या बाजूला गेले. टेबलाच्या कडेला कोपऱ्याचा तुकडा अजून होता. त्यांनी चिठ्ठी त्याच्याजवळ धरली. फाटलेली कड फाटलेल्या कडेला बसली.

"हे कवा काढली?"

"त्याच दिवशी. तुमी बाईले बोलत होते तवा."

मालकांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. शकुनबाई पुढे झाली. तिला आकडा वाचता येत नाही, पण माझा सात तिला ओळखता येतो. त्या चिठ्ठीकडे ती इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं आता रडेल.

"सतरा दिवस," ती म्हणाली. "सतरा दिवस म्या नातवाचा हात नायी धरला वं."

तिनं डबा पिशवीत टाकला आणि दुपारीच घरी निघून गेली. मालक तिच्या मागे दारापर्यंत गेले, परत आले. "तुमचं काय करू ते मी नायी सांगत," ते मला म्हणाले. "ते शकुनबाई सांगन."

तीन दिवस ती आली नाही. मी येत राहिले, फर्मे मोडत राहिले, कुणी मला काही म्हटलं नाही. तिच्या घरी जावं असं रोज ठरवत होते आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होते. एकदा दुरून दिसली. नातू पुढे पळत होता आणि ती त्याच्या नावानं ओरडत मागून चालत होती. मी दुकानाच्या आडोशाला उभी राहिले.

चौथ्या दिवशी ती वेळेवर आली. पदर खोचला आणि सरळ मांडणीच्या टेबलाशी गेली. मालक म्हणाले, "शकुनबाई, सुमनबाईचं काय कराव मंग?"

"काय कराव म्हंजे? तिले काढलं तर चिठ्ठ्यांवर नाव कोन लिहिन? मले येते का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आतापासून नुसता नंबर चालनार नायी म्हना. पुस्तकाचं नाव पायजे."

माझ्याशी ती त्यानंतर पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलली. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "हव," आणि फर्मे उचलायला गेली. त्यात माफ केलं असं होतं की नव्हतं ते मला कळलं नाही. एकदा वाटलं, माफी मागणारी वेगळी आणि चिठ्ठी लपवणारी वेगळी, हे गुरुजींचं तिला सांगून पाहावं. नाही सांगितलं.

गुरुजींकडून परत आणलेल्या चुकीच्या प्रतींपैकी एक उसवायची राहून गेली. ती मी घरी आणली आहे. त्यात पुस्तक तायड्यांचं आणि मधली सोळा पानं कोरड्यांची आहेत. रोज एक पान वाचते. शहाण्णववरून सत्त्याण्णववर जाताना पाय अडकतो, मग परत मागे जाऊन वाचते. सहावं दार दोघांच्याही घराला आहे एवढं कळलं, आत कुणी राहतं का ते अजून नाही.

मांडणी आता आम्ही दोघी मिळून करतो. ती एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून. परवापासून वऱ्हाडातल्या जुन्या विहिरींवरचं पुस्तक चालू आहे. मी सात नंबरची थप्पी उचलली की टेबलाच्या तिकडून हमखास आवाज येतो.

"सुमे, मन हाये का वं जाग्यावर?"

"हाये."

"मंग वाच."

मी चिठ्ठीवरचं पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचते. तिला ते वाचता येत नाही. ती फर्मा हातात धरून तेच नाव माझ्या मागून म्हणते, आणि मग मला थप्पी ठेवू देते.